मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा: आधी भरवसा की आधी लेन्स?

धागाकर्ता:
१२० रोलवाले (रुंद फिल्मचे मीडियम फॉरमॅट कॅमेरे वापरणारे) आपण बोलायला बसलो की पाच मिनिटांत गाडी लेन्सवर येते. प्लॅनार की झेनोटार, सेकोर की टाकुमार. माझं मत असं की जुना कॅमेरा घेताना आधी बॉडीचा भरवसा बघावा, लेन्स नंतर. ६×६ ची (सुमारे ६ सेमी बाजूची चौकोनी) निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी असते. एवढ्या जागेवर साधारण लेन्ससुद्धा भरपूर तपशील देते. पण एका रोलवर फ्रेम मिळतात बाराच, त्यातली एकही वाया जायला नको.

मी हे अनुभवाने सांगतोय. एक जुना ६×६ घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही. लेन्स अप्रतिम. त्यावर भाचीचे फोटो काढले. रोल धुतल्यावर दिसलं की आठव्या फ्रेमपासून मधलं अंतर आक्रसत गेलंय, आणि दहाव्या फ्रेममध्ये तिच्या कपाळावरून मागच्या फ्रेममधली खिडकीची चौकट गेलीय. डोळे मात्र इतके धारदार की पापण्या मोजाव्यात. तो फोटो अजून टाकवत नाही.

म्हणून शिफारस मामिया आरबी६७ ची. १९७० पासूनचं डिझाइन, बॅटरी लागतच नाही, फोकस बेलोजने (घड्यांच्या भात्याने), आणि उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा न वळवता बॅक (मागचा फिल्मचा डबा) फिरवायची. वजन अडीच किलोच्या वर जातं, ते मला मान्य आहे.

भिंगवेडा:
अजिबात पटलं नाही. फ्रेम एकमेकींवर चढणं हा दुरुस्त होणारा दोष आहे. लेन्सचा स्वभाव कोण दुरुस्त करणार? पेंटॅक्स ६७ वर १०५ मिमी एफ/२.४ पूर्ण उघडून (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं) जवळून चेहरा घ्या. डोळा फोकसमध्ये, कान विरघळलेला, आणि मधला उतार इतका हळुवार की बघत राहावं. आरबीच्या ९० किंवा १२७ मिमीला एफ/३.८ पुढे उघडताच येत नाही. 'साधारण लेन्सही चालते' असं म्हणायचं असेल, तर एवढं ओझं वाहायचं तरी कशाला?

तिपाई:
भिंगवेडा, त्याच पेंटॅक्सची बॅटरी संपली की शटर पडतच नाही, हेही लिहा. शिवाय फ्लॅश सिंक १/३० ला, म्हणजे त्याहून वेगवान शटरला फ्लॅश जुळत नाही. आणि फाइंडरमध्ये चित्र दाखवणारा, फोटोच्या क्षणी वर उडणारा आरसा एवढा मोठा की तिपाईवर मंद शटर वापरताना मिरर-अप (आरसा आधीच वर करायची सोय) नसलेल्या बॉडीवर हादरा जाणवतो. तेव्हा तुमच्या लेन्सची धार कुठे जाते?

भिंगवेडा:
बॅटरी खिशात जास्तीची ठेवता येते. पोर्ट्रेट मी १/१२५ च्या खाली काढत नाही, त्यामुळे आरशाचा मला त्रास झालेला नाही. सिंकचं मात्र मान्य. भर दिवसा फ्लॅश वापरायचा असेल तर लीफ शटरच (लेन्सच्या आतलं) हवं.

जुनं शटर:
दोघांच्याही बोलण्यात मुख्य मुद्दा राहतोय: शटर आहे कुठे? हॅसलब्लाडची १९४८ ची १६००एफ बॉडीतल्या फोकल प्लेन (फिल्मच्या लगेच पुढे सरकणाऱ्या पडद्याच्या) शटरमुळे बेभरवशाची ठरली. १९५७ च्या ५००सी मध्ये त्यांनी शटर लेन्समध्ये नेलं, १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश चालू लागला आणि कॅमेरा नावारूपाला आला. पण याची दुसरी बाजू बघा. चार लेन्स म्हणजे चार शटर, प्रत्येकाचं तेल वेगळं सुकणार. पेंटॅक्सच्या चार लेन्सना शटर एकच.

लेन्स घेताना माझी पद्धत सांगतो. शटर एक सेकंदावर लावून लेन्स कानाशी धरायची. आतल्या दातेरी चाकांची घरघर सलग हवी. मध्ये अडखळली, किंवा शेवटी ओढत ओढत थांबली, तर तेल चिकट झालंय. वरच्या टोकाचं मात्र कानाला कळत नाही. १/५०० लिहिलेलं शटर प्रत्यक्षात १/२५० ने चालत असेल तर पूर्ण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश जातो. निगेटिव्ह फिल्म तेवढं पोटात घालते, स्लाइडवर (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मवर) आभाळ पांढरं पडतं. तिथे काच झाइससारख्या नामांकित कंपनीची असून उपयोग काय?

आणि हॅसलब्लाड घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: लेन्स काढता-लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्याच (शटरची स्प्रिंग ताणलेल्या) हव्यात. नाहीतर ती अडकते. मग बॅक काढून मागच्या पडद्यांतून स्क्रूड्रायव्हर घालायची वेळ येते, आणि नवख्याने ते करू नये.

रेंजफाइंडरवाली:
आरशाचा एवढा वाद चाललाय, तर आरसा नसलेले कॅमेरे कुणी का घेत नाही? मामिया ७ च्या ४३ मिमीची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते, म्हणून इमारतींच्या रेषा सरळ येतात. एसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) आरशाला जागा सोडावी लागते, त्यामुळे वाइड लेन्सची रचनाच बदलावी लागते. माझं मत लेन्सच्याच बाजूने.

धागाकर्ता:
ताई, ४३ मिमीबद्दल वादच नाही. पण मामिया ७ चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, आणि रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस दाखवणारी यंत्रणा) केसभर सरकला तरी ८० मिमी पूर्ण उघडी ठेवून घेतलेलं पोर्ट्रेट नाकावर फोकस होतं, फाइंडरमध्ये कळतही नाही. आरबीच्या काचेवर जे दिसतं तेच फिल्मवर येतं.

'जुनं शटर' यांचं म्हणणं मात्र मला लागलं. मी बॉडी बॉडी म्हणत बसलो, आणि आरबीचं शटरही लेन्समध्येच आहे. माझ्या १२७ आणि १८० मिमी लेन्सच्या शटरचा वेग मी कधी तपासलेलाच नाही. आज दोन्ही एक सेकंदाला लावून ऐकल्या. १२७ सलग चालते. १८० शेवटी किंचित ओढते.

जुनं शटर:
मग ती आत्ताच सर्व्हिसला द्या. आणि तोवर तिच्यावर स्लाइड अजिबात वापरू नका.