तीन आणे आणि ६२ मते : विरोधकांनी सभागृहात नेमकं करायचं काय?

मागचा बाक

परवा एका विरोधी खासदाराच्या लोकसभेतल्या भाषणाची क्लिप मला तिघांनी पाठवली. तिघांचंही खाली एकच वाक्य : 'सरकारची बोलती बंद!' दोन मिनिटांची क्लिप, त्यात एक शेर, दोन टोमणे, मागे बाकं वाजवल्याचा आवाज. बोलती बंद झाल्याचं काही दिसलं नाही. समोरचे मंत्री शेजारच्याशी गप्पा मारत होते.

सरकारला सुनावणं वेगळं आणि कोंडीत पकडणं वेगळं. आपले विरोधक, मग ते आजचे असोत की कालचे, सुनावण्यावरच खूश आहेत असं माझं मत झालंय.

कोंडीत पकडणं म्हणजे काय, तर ऑगस्ट १९६३. लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव, नेहरू सरकारविरुद्ध, मांडला आचार्य कृपलानींनी. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून नुकतेच आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले, देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारचा आकडा होता पंधरा आणे. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे तीन आणे हे साधारण १९ पैसे आणि पंधरा आणे साधारण ९४. एवढा फरक बेरजेच्या चुकीने पडत नाही. सरकार सगळ्या देशाची सरासरी सांगत होतं, त्यात कारखानदारही आला आणि शेतमजूरही. लोहिया बोलत होते खालच्या ६० टक्क्यांबद्दल. 'गरिबी आहे की नाही' हा प्रश्न कुठल्याही मंत्र्याला चार गोड वाक्यांत उडवता येतो. 'तुम्ही मोजता कसं' हा प्रश्न तसा उडवता येत नाही.

ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला. ६२ हा आकडा आज कोणाला आठवत नाही, तीन आणे आठवतात.

उंटावरचा शहाणा

धागा छान, निष्कर्ष चूक. लोहियांना बोलायला मिळालं, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. चर्चा चार दिवस चालली आणि उत्तर द्यायला स्वतः पंतप्रधान उभे राहिले.

आता डिसेंबर २०२३ घ्या. १३ तारखेला प्रेक्षक सज्जातून दोन तरुणांनी सभागृहात उड्या मारल्या. विरोधकांची मागणी काय होती? गृहमंत्र्यांनी सभागृहात येऊन निवेदन करावं. त्यावरून गदारोळ झाला आणि अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित. त्याच आठवड्यात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी येणारी तिन्ही विधेयकं मंजूर झाली. तुमचा तो आकडेवाला अभ्यासू खासदार तेव्हा गेटाबाहेर फलक घेऊन उभा होता. त्याने कोणाला विचारायचं 'मोजता कसं'?

चार्वी

@उंटावरचा शहाणा, निलंबन चूकच. पण रोज काही निलंबन नसतं. जे दिवस सुरळीत असतात त्या दिवशी तरी काय दिवे लावतात?

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न असतात. त्यातल्या पाच-सहांनाच तोंडी उत्तराची पाळी येते. पण खरी गंमत उपप्रश्नांत असते. मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं, मंत्री ते वाचतो. उपप्रश्न आला की मंत्र्याला विषय कळतो की नाही ते दिसतं, कारण ते उत्तर फाइलीत असेलच असं नसतं. आणि आपले सन्माननीय सदस्य उपप्रश्नात काय करतात? आधी दीड मिनिटाचं भाषण, मग 'माझ्या मतदारसंघात हे कधी होणार?' मंत्री हसून 'तपासून घेऊ' म्हणतो. संपलं.

अतारांकितचं तर विचारूच नका. दिवसाला २३० लेखी उत्तरं, बहुतेक कोणी वाचत नाही. 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' हे वाक्य आलं की ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला चक्क एक समिती आहे. या समितीचं नाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

खडूस वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फक्त एक आठवण : सभागृह बंद पाडणं हा आजच्या विरोधकांचा शोध नाही. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात (मोबाइल कंपन्यांना दिलेल्या स्पेक्ट्रम परवान्यांचा घोटाळा) संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून जवळजवळ अख्खं वाहून गेलं. तेव्हा 'कामकाज रोखणं हाही लोकशाहीचाच मार्ग' असं भाजपचे नेते सांगत होते आणि काँग्रेसवाले संसदेच्या प्रतिष्ठेवर व्याख्यानं देत होते. आता बाकं बदलली, भाषणं तीच, फक्त वाचणारी तोंडं वेगळी.

उंटावरचा शहाणा

@खडूस, अहो, तेच तर म्हणतोय! त्या गोंधळामुळेच पुढच्या वर्षी समिती नेमावी लागली. शेर न म्हणता, आकडे न मांडता.

चार्वी

आणि त्या समितीने केलं काय? २०१३ चा अहवाल बहुमताने आला, पंतप्रधानांवर ठपका नाही, विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. शिवाय दूरसंचार मंत्री ए. राजा यांचा राजीनामा नोव्हेंबर २०१० मध्येच झाला होता, कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल पटलावर येण्याच्या दोन दिवस आधी. तिथेही सरकारला टोचला तो कॅगने मांडलेला तोट्याचा आकडाच. (तो आकडा बरोबर होता का, हा वेगळ्या धाग्याचा विषय. कृपया इथे नको.)

निमूट

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

सगळे विरोधकांचंच बोलताय. सरकारला सभागृहात खरा घाम फोडणारं जे उदाहरण मला माहीत आहे, ते सत्ताधारी बाकावरचं आहे. डिसेंबर १९५७, फिरोज गांधी. काँग्रेसचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि त्याने हरिदास मुंध्रा या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर्स घेतलेले. फिरोज यांनी सभागृहात तो व्यवहार उलगडून दाखवला. न्या. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. सगळा हिशेब तीन महिन्यांच्या आत.

हे आज का होत नाही? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तिचा धाक मतदानापुरता आहे, बोलण्यावर व्हिप (पक्षादेश) नसतो, मान्य. पण जो खासदार बोलेल त्याला पुढचं तिकीट कोण देणार? त्यामुळे आव्हान देण्याचं सगळं ओझं विरोधी बाकांवर आलं, आणि तिकडून काहीही आलं तरी 'हे राजकारण आहे' म्हणून झटकता येतं. फिरोज गांधींना तसं झटकता आलं नाही.

मागचा बाक

@निमूट, हा प्रतिसाद खरं तर मूळ धाग्यात हवा होता.

@उंटावरचा शहाणा, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. कृषी कायदे मागे घेणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. वर्षभर माणसं दिल्लीच्या सीमेवर बसली होती, आणि का आणलं, का मागे घेतलं यावर सभागृहात अर्धा तासही नाही! तिथे कुठलाही लोहिया काही करू शकला नसता. तरी 'बोलू देत नाहीत' हे कारण जिथे बोलू देतात तिथल्या आळसावर पांघरूण म्हणून चालणार नाही. नाथ पै राजापूरहून तीनदा निवडून गेले, कायम विरोधात. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न त्यांनी खासगी विधेयकातून (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक) सभागृहापुढे आणला. खासगी विधेयकं आजवर १४ च मंजूर झालीत, शेवटचं १९७० मध्ये. त्यांचंही मंजूर झालं नाही. पण त्यावर देशभर वाद झडला आणि १९७१ मध्ये सरकारने त्याच प्रश्नावर २४ वी घटनादुरुस्ती आणली.

उंटावरचा शहाणा

म्हणजे विरोधकाने विधेयक लिहायचं, श्रेय सरकारने घ्यायचं. वा!

चार्वी

हो. तसंच.

(तुम्ही स्वतः कधी एखादं पूर्ण भाषण ऐकलंय का हो? कुणालाही विचारतेय.)

मागचा बाक

@चार्वी, तुमच्या टोमण्यामुळे काल रात्री ते क्लिपवालं भाषण पूर्ण बघितलं. सतरा मिनिटांचं निघालं. शेर दुसऱ्या मिनिटाला आहे. अकराव्या मिनिटाला त्या खासदार बाईंनी मंत्र्यांचंच मागच्या अधिवेशनातलं लेखी उत्तर काढलं आणि या वेळचं उत्तर शेजारी ठेवून विचारलं, एकाच योजनेच्या लाभार्थ्यांचे दोन आकडे कसे? बाकं वाजली नाहीत. शेजारच्याशी बोलणारे मंत्री बोलायचे थांबले. नंतरच्या उत्तरात त्यांनी त्या प्रश्नाला हातही लावला नाही.

म्हणजे बाईंनी त्यांचं काम चोख केलं होतं. मूळ धाग्यातलं त्यांच्याबद्दलचं माझं मत मागे घेतो.

खडूस वाचक

मग तो तुकडा टाका की इथे.

मागचा बाक

कापायला घेतलाय. पाच मिनिटांच्या खाली येत नाहीये, आणि शेरही नाही त्यात.