विषय: ठाण्यातल्या आय-टेनचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचा आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबांची आय-टेन ठाण्यात वसंत विहारला असते. २०१० ची, १.१ लिटर पेट्रोल, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा, कंपनीतून आला तोच आहे. डिसेंबरात तीन आठवडे घरी येतोय, तेव्हा स्वतः बदलायचा विचार आहे. ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट ही कामं जमतात, टायमिंगला मात्र कधी हात लावलेला नाही. इतक्या कमी रनिंगवर बेल्ट बदलायची खरंच गरज आहे का? आणि सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे काम होईल का?

– वसंत विहारकर, सध्या परदेशी

———

दादा, नमस्कार.

गरज आहे, आणि डिसेंबरपर्यंत ती गाडी शक्य तितकी कमी चालवा असं घरी आजच सांगा. टायमिंग बेल्ट साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. आपल्या या ई-मेल यादीवरच्या बहुतेकांच्या घरच्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार चालतात, म्हणून सगळे मीटर बघतात आणि निश्चिंत राहतात. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ठाण्याचा एप्रिल-मे, मग चार महिने दमट हवा, आणि इंजिनाची धग. महिनोन्महिने उभ्या गाडीचा बेल्ट पुलीवर एकाच जागी वाकलेला राहतो, ते वेगळंच.

१.१ च्या इंजिनात बेल्ट तुटला की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. वॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. बेल्टच्या किटच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो, आणि गाडी घोडबंदर रोडवर मधल्या लेनमध्ये बंद पडली तर आई-बाबांचे हाल वेगळे.

किट मागवण्याआधी एक गोष्ट पक्की करा. आय-टेनच्या १.१ ला बेल्ट आहे, १.२ च्या 'कप्पा' इंजिनाला चेन. सँट्रो झिंगलाही १.१ चं बेल्टवालंच इंजिन. दुकानात नुसतं 'आय-टेनचा बेल्ट द्या' म्हणू नका. आरसी बुकवरचा १७ अक्षरी चॅसी नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढतात. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डायको किंवा मोबिसचा (ह्युंदाईची पार्ट कंपनी) अस्सल माल घ्या. बेल्टवर छपाई पुसट असेल, खोका मळका असेल किंवा पाकिटावरचा नंबर आणि बेल्टवरचा नंबर जुळत नसेल, तर परत करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट स्वस्त मिळतात, पण बेल्ट आणि बेअरिंग तिथून कधीच घेऊ नका.

सामान: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), किटमध्ये येणारं जे काही बेअरिंग असेल ते, क्रँक आणि कॅमचं पुढचं ऑइल सील, आणि बाहेरचे अल्टरनेटर व एसीचे बेल्ट. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत नाही, बाहेरच्या बेल्टवर फिरतो. पण तो खोलायचा झाला तर टायमिंग कव्हर आणि बेल्ट काढावाच लागतो. म्हणून १५ वर्षांचा पंप याच वेळी बदला. कूलंट अर्धं-अर्धं तयार असलेलं घ्या.

हत्यारं: १०, १२, १४, १७ आणि २२ मिमीची सॉकेट, लांब दांडी, व्हील नटसाठी २१, १६ मिमीचा प्लग पाना, दोन घोड्या (ॲक्सल स्टँड), ट्रॉली जॅक, लाकडाचा ठोकळा, पांढरा पेंट मार्कर. टॉर्क रेंच दोन लागतील. अर्ध्या इंची मोठा रेंच १४० न्यूटन-मीटरला बरोबर असतो, पण १० किंवा २० ला त्याचा भरवसा धरू नका. छोटे बोल्ट तुटतात ते याच रेंचने.

आता काम. इंजिन थंड हवं, म्हणून सकाळी लवकर सुरू करा. पहिल्यांदा करताना पाच-सहा तास धरा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी पहिल्यापासून सपाट जागी, मागच्या चाकांना दगड. पुढचं उजवं चाक काढा, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं, कारण टायमिंगची बाजू तिकडे आहे. गाडी घोडीवर बसवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की क्रँक पुली समोर दिसते.

बाहेरचे बेल्ट काढण्याआधी वॉटर पंपाच्या पुलीचे चार १० मिमीचे बोल्ट सैल करून घ्या. बेल्ट काढल्यावर ती पुली हाताबरोबर फिरत राहते, आणि ती धरायला तिसरा हात लागतो.

क्रँकचा मधला बोल्ट हे या कामातलं सगळ्यात हट्टी काम. गाडी पाचव्या गिअरला, एक जण आत बसून ब्रेक दाबून, आणि तुम्ही २२ च्या सॉकेटला लांब दांडी लावून. काढलेल्या चाकाच्या हबवर दोन नट परत लावा, म्हणजे डिस्क डगमगणार नाही. दांडी जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. दांडी निसटली तर हात नाही तर रेडिएटर जातो. बोल्ट सुटला की गिअर न्यूट्रल करा.

मग चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवा. पुलीची खाच खालच्या कव्हरवरच्या 'T' खुणेला आणा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून पुलीची खूण जुळली तरी कॅमची खूण विरुद्ध बाजूला असू शकते. वरचं कव्हर काढून कॅम पुलीची खूण हेडच्या खुणेसमोर आहे ना ते बघा. नसेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा.

जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून चेंबरला (इंजिनाखालची ऑइलची टाकी) हलका आधार द्या, इंजिन उचलायचं नाही. मग उजवीकडचं इंजिन फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारा रबरी आधार) आणि त्याचा ब्रॅकेट काढा, क्रँक पुली काढा, खालचं कव्हर काढा. क्रँकच्या दात्यांजवळ पत्र्याची चकती असेल, तिची कोणती बाजू बाहेर होती त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर नवा बेल्ट कडेला घासतो.

कव्हरच्या आत काळा भुगा, तेलाचा ओलावा किंवा वाळलेला कूलंटचा पांढरा डाग दिसतो का ते नीट बघा. तेल दिसलं तर सील गेलं आहे. ते तसंच ठेवून नवा बेल्ट घातला तर तोही फुगून लवकर जाईल. वंदना टॉकीजच्या परिसरासारख्या पाणी साचणाऱ्या भागातून पावसाळ्यात गाडी जात असेल आणि खालचं कव्हर चिरलेलं असेल, तर दात्यांमध्ये बारीक गाळ सापडतो. तो ब्रशने आणि कोरड्या फडक्याने काढा. पेट्रोल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नका, कव्हर मात्र बदला.

बेल्ट उतरवण्याआधी जुन्या बेल्टवर, कॅम पुलीवर आणि क्रँकच्या पुलीवर पेंटने रेघा ओढा. दोन रेघांमधले दाते मोजून तेवढ्याच अंतरावर नव्या बेल्टवर खुणा करा. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून एकूण दाते आणि रुंदीही जुळवा. चुकीचं किट आलं असेल तर ते इथेच कळतं.

टेन्शनरचे बोल्ट सैल करा, टेन्शनर वॉटर पंपाकडे ढकलून तात्पुरता आवळा, बेल्ट उतरवा. इथून पुढे क्रँक किंवा कॅम एकटा फिरवायचा नाही. बेल्ट निघाल्यावर वॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने कॅम थोडा सरकला, तर त्याच्या मधल्या बोल्टवर पाना लावून तेवढाच मागे आणा.

नवा बेल्ट दुमडू नका, पिळू नका, उलटा करू नका, तेलकट हात लावू नका. बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. आधी क्रँकवर, मग ताणाची बाजू टाइट ठेवून कॅमवर, शेवटी टेन्शनरवर. कॅमवर बेल्ट बसला की कपड्यांचा प्लॅस्टिकचा चिमटा लावा, म्हणजे खाली हात जाईपर्यंत दाता सुटत नाही. टेन्शनर सोडून स्प्रिंगला ताण घेऊ द्या, दोन्ही बोल्ट २० ते २७ न्यूटन-मीटरला आवळा. चिमटा काढा.

आता क्रँकला हाताने पूर्ण दोन फेऱ्या. मध्येच कडक अडथळा लागला तर जोर करू नका. तो पिस्टनला टेकलेला वॉल्व्ह असतो, थांबा आणि खुणा परत बघा. दोन फेऱ्यांनी खुणा बरोबर आल्या तरच पुढे. एका दात्याचा फरकही 'चालून जाईल' म्हणून सोडू नका. गाडी सुरू होते, पण आयडलिंग थरथरतं, चढावर ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो.

उलट क्रमाने सगळं बंद करा. क्रँक बोल्ट १४०, कव्हरचे आणि पंप पुलीचे छोटे बोल्ट ८ ते १०, चाकाचे नट ९० ते ११० न्यूटन-मीटर.

– वागळे इस्टेटजवळून

———

नमस्कार,

वरचं सगळं बरोबर आहे. टेन्शनरच्या बोल्टांचा क्रम तेवढा राहिला आणि चूक नेमकी तिथेच होते, म्हणून लिहिते.

टेन्शनरला दोन बोल्ट असतात. एक लांबट खाचेतला, दुसरा ज्याच्याभोवती टेन्शनर फिरतो तो. खाचेतला आधी आवळायचा, फिरण्याचा नंतर. उलट केलं तर बोल्ट आवळताना टेन्शनर त्याच्याबरोबर फिरतो आणि बेल्ट नको तेवढा ताणला जातो. त्या क्षणी काहीच चुकलेलं दिसत नाही. गाडी सुरू झाली की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, वेग वाढवला की तो वाढतो, आणि काही महिन्यांत टेन्शनरचं बेअरिंग जातं. सैल राहिला तर उलटा प्रकार: कव्हरच्या आत फटफट, आणि गार इंजिन सुरू करताना दाता उडण्याची भीती.

बोल्ट शेवटचे आवळण्याआधी क्रँक घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवा, म्हणजे सैलपणा टेन्शनरच्या बाजूला येतो आणि स्प्रिंग तो पुरता खाते. बेल्ट बोटाने ढकलून ताण ठरवू नका. स्प्रिंग जुनी असेल तर तीही बदला, ताण तिच्यावरच ठरतो.

– नेरूळहून

———

ताई, दादा, मनापासून धन्यवाद. एक शंका. वरचं कव्हर बाजूला करून बेल्ट बघितला तर कळणार नाही का? भेगा नसतील तर पुढच्या सुट्टीपर्यंत ठेवता येईल?

– वसंत विहारकर

———

दादा, नाही. हल्लीचे बेल्ट वेगळ्या रबराचे असतात. जुन्या बेल्टसारख्या पाठीवर भेगा पडतीलच असं नाही. आतले काचतंतू तुटत जातात आणि दात्यांच्या मुळाशी चीर पडते, आणि ती बाजू पुलीला चिकटलेली असते. वरून जो भाग दिसतो तो चार-पाच इंचांचा, आणि तोही पाठीकडून. भेग दिसली तर बेल्ट नक्की गेलेला आहे, पण भेग दिसली नाही यावरून तो चांगला आहे असं ठरत नाही. पंधरा वर्षांच्या बेल्टबद्दल तर प्रश्नच नको.

बेल्ट निघाल्यावर तो उलटा वाकवून दात्यांची मुळं उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तर फोटो यादीवर टाका. अशाच जुन्या गाड्या घरी असलेल्यांना तो एक फोटो पुरेल.

पार्किंगबद्दल: स्टिल्टमध्ये जमेल, पण सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. बऱ्याच ठिकाणी आवारात दुरुस्तीला मनाई असते आणि गाडी अर्धी खोललेली असताना वाद नको. मेकॅनिकल स्टॅकमध्ये (गाड्या एकावर एक ठेवायची यंत्राची पार्किंग) गाडी असेल तर काम तिथे करायचं नाही. फरशी गुळगुळीत असेल तर घोड्यांखाली प्लायचा तुकडा घ्या. जुनं कूलंट गटारात ओतू नका. त्याला गोडसर चव असते, आवारातली कुत्री-मांजरं ते पितात आणि थोड्या कूलंटनेही दगावतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

क्रँक बोल्ट दोन माणसांच्या ताकदीने सुटला नाही तर तिथेच थांबा. तोवर काहीच उघडलेलं नसतं, चाक आणि बेल्ट परत लावून गाडी चालवत वागळे इस्टेटला कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये नेता येते. म्हणूनच तो बोल्ट सगळ्यात आधी सोडवायचा. त्यानंतर अडलात तर गाडी टो करूनच न्यावी लागेल.

आणि सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत हे काम काढू नका. पहिल्या आठवड्यात करा. बाहेरचे नवे बेल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर थोडे सैल पडतात, ते परत ताणून, कूलंटची पातळी बघूनच तुम्ही विमानात बसलेलं बरं.

– वागळे इस्टेटजवळून

———

दोघांचे मेल प्रिंट काढून ठेवले. चॅसी नंबर बाबांकडून मागवला, किट आजच सांगतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला बेल्ट बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पुढच्या वेळचं वर्ष लिहून चिकटवणार आहे, म्हणजे मी नसताना गाडी जो कोणी उघडेल त्याला विचारायला लागणार नाही. जुन्या बेल्टचा फोटो डिसेंबरात टाकतो.

– वसंत विहारकर