'काहीतरी चुकलं' दिसलं की गडी सहा वेळा बटण दाबतो

कासरा (प्रश्न)
गावच्या दूध संस्थेसाठी संकलनाचं वेब ॲप लिहिलंय, लारावेलमध्ये (पीएचपी भाषेतली तयार चौकट). डेव्हलपर मी एकटाच. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) टाकायचं की पावती निघते. केंद्रावर माझा मावसभाऊ बसतो.

सुरुवातीला डीबग (एररचा सगळा तांत्रिक तपशील स्क्रीनवर दाखवणारं सेटिंग) चुकून चालूच राहिलं होतं. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो धाडला: स्क्रीनभर डेटाबेसची क्वेरी, वर '१०६२ डुप्लिकेट एंट्री', म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा. खाली लिहिलेलं, "दादा, मशीन गेलं." मी घाबरून डीबग बंद केलं, सेव्हच्या अख्ख्या कोडला ट्राय-कॅच (एरर मधेच पकडणारा कोड) घातला आणि कॅचमध्ये एकच वाक्य टाकलं: 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.'

आता तो खरंच पुन्हा प्रयत्न करतो. सहा-सहा वेळा. मागं किटल्यांची रांग, मग मला फोन. काय चुकलं विचारलं की म्हणतो, "काहीतरी."

फॅट ३.५ सारखा साधा आकडासुद्धा कधीकधी घेत नाही. शिवाय संध्याकाळच्या पहिल्या नोंदीला हमखास '४१९ पेज एक्स्पायर्ड' येतं, ते तर माझ्या कॅचमध्येही सापडत नाही. मेसेज कसे लिहू?

रात्रपाळी
आधी तो कॅच उपटा. व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) फसलं की लारावेल स्वतःच एक्सेप्शन, म्हणजे एररचा इशारा, फेकतं, फॉर्मवर परत नेतं आणि कुठल्या रकान्यात काय चुकलं ते सोबत देतं. तुम्ही ते मधल्यामध्ये गिळताय. रकान्यात ओल्ड फंक्शन वापरलंत तर भरलेले आकडेही जागेवर राहतात.

डीबग बंद केलंत ते बरं केलंत. लारावेलचं ते एररचं पान इग्निशन नावाचं पॅकेज दाखवायचं. २०२१ मध्ये त्याच्या जुन्या आवृत्त्यांत असं भोक निघालं की डीबग चालू असलेल्या सर्व्हरवर बाहेरचा माणूस स्वतःचा कोड चालवू शकत होता.

१०६२ चं सांगा, युनिक की (टेबलात दोनदा येऊ न देणारे रकाने) कशावर आहे?

कासरा
तारीख, पाळी आणि सभासद नंबर.

दोन_म्हशी
आमच्या घरून गाईची एक किटली जाते आणि म्हशीची एक, एकाच नंबरवर. दुसरी नोंदवताना १०६२ येणारच की! तुमचा भाऊ बरोबर करतोय, टेबल चुकलंय. दुधाचा प्रकार कीमध्ये घ्या. तरीही एररची वेळ आलीच तर 'नंबर ११२ चं सकाळचं म्हशीचं दूध आधीच नोंदलंय, ६.५ लिटर' असं लिहा, म्हणजे तो जुनी पावती बघेल.

फॅटवर माझा संशय वेगळा आहे. नाव शोधायला तो मराठी कीबोर्ड लावतो का? तसाच राहिला तर आकडे देवनागरी जातात, आणि पीएचपीच्या इज-न्यूमेरिक या आकडा तपासणाऱ्या फंक्शनला देवनागरी ३.५ हा आकडाच वाटत नाही. यावर मेसेज दाखवूच नका. तपासणीच्या आधी अंक बदलून घ्या, अक्षरं बदलणाऱ्या एसटीआरटीआर फंक्शनची एक ओळ पुरते.

रात्रपाळी
४१९ मिडलवेअरमधून (तुमच्या कोडच्या आधी विनंती तपासणारा थर) येतो, कंट्रोलरच्या, म्हणजे तुमच्या सेव्हच्या कोडच्या आधी, म्हणून कॅचला दिसत नाही. सेशन (सर्व्हर वापरणाऱ्याला ओळखून धरतो तो वेळ) मूळ सेटिंगला १२० मिनिटांचं असतं. सकाळी उघडलेलं पान संध्याकाळपर्यंत तसंच राहत असणार. मशीन फक्त केंद्राचंच असेल तर ७२० करा.

जे खरंच अनपेक्षित असेल, तिथं चार अंकी नंबर दाखवा आणि तोच लॉगमध्ये (सर्व्हरवरची एररची नोंदवही) टाका. फोनवर नंबर सांगता येतो, स्टॅक ट्रेस (एरर कुठून आली त्याची लांबलचक यादी) नाही.

कासरा
केलं सगळं. कीबोर्डचं तंतोतंत खरं निघालं. काल एकच फोन आला: "दादा, ४४१७." लॉग उघडला तर डिस्क भरलेली. त्याला म्हटलं, तुझी चूक नाही, अर्धा तास वहीत लिही. "वही तर मी रोजच लिहितो," म्हणाला.