शब्दचर्चा : अमेरिकन फुटबॉलमधल्या 'सॅक'ला मराठीत काय म्हणावं?

रिटायर्ड मास्तर : जावई ओहायोत असतो, त्याच्या नादाने मीही हा खेळ बघायला लागलो, आता सिनसिनाटी बेंगल्स ही आमची घरचीच टीम. क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य गड्याला, पास फेकायच्या आधीच समोरच्यांनी लोळवला तर 'सॅक' म्हणतात. नातवाला मराठीत सांगताना अडलो. शब्दकोशात एकतर पोतं नाहीतर नोकरीवरून काढणे.

उंटावरचा शहाणा : पोत्याचा नाही हो, शहर लुटतात तो सॅक. १६६४ ची आपली सुरतेची लूट इंग्रज लिहितात ना, तोच. या खेळात तो शब्द आणायचं श्रेय लॉस अँजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात. पण 'लूट' नको, बॉल लुटला असं वाटेल. सरळ कबड्डीतली 'पकड' घ्या.

खडूचा तुकडा : पकड नाही चालणार. कबड्डीत चढाई करणारा स्वतःच्या पायाने दुसऱ्याच्या अंगणात जातो, हा बिचारा क्वार्टरबॅक आपल्याच माणसांच्या मागे उभा असतो. पुढे पाच धिप्पाड गडी, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, कडेला टॅकल, आणि त्यांनी अडीच-तीन सेकंद समोरच्यांना थोपवायचं, बस. या ऑफेन्सिव्ह लाइनला कुठेतरी 'आक्रमक फळी' लिहिलेलं वाचलं आणि हसू आलं, नाव आक्रमक आणि काम राखणदाराचं!

उंटावरचा शहाणा : मग 'राखण' म्हणा. राखण कच्ची असली की पीक जातं.

कानामात्रा : मला वाटतं नाम शोधूच नका, क्रियापद घ्या. पडला, पाडला, पाडू दिला. सॅक म्हणजे 'पाडला'. १९८२ पासून तो पाडणाऱ्याच्या नावावर अधिकृतपणे जमा होतो, क्वार्टरबॅकच्या खात्यातही लागतो, पण ज्या गार्डच्या हातून माणूस निसटला त्याच्या नावावर अधिकृत आकड्यांत काहीच नाही. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही टीम नवीकोरी होती, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला, आजही तो विक्रम त्याच्याच नावावर आहे. जणू यानेच पडायचा विक्रम केला! मराठीत 'पाडू दिला' म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कोणी?

रिटायर्ड मास्तर : वा, हे आवडलं. जावई पण मला हेच सांगत असतो, "बाबा, बॉल बघू नका, लाइन बघा." नोव्हेंबर २०२० मधली बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरोची दुखापत त्याने मला रिप्लेमध्ये दाखवली, तेव्हा हा पोरगा पहिल्याच वर्षात होता, वॉशिंग्टनविरुद्ध. डावीकडचा गार्ड टाचांवर मागेमागे रेटला जातोय, बरोचा डावा पाय जमिनीत रोवलेला, आणि ते सगळं ओझं त्याच गुडघ्यावर. लिगामेंट फाटलं, सीझन संपला. पण गंमत बघा, बॉल हातातून सुटला होता, म्हणजे नियमाने हा सॅक नाहीच!

कानामात्रा : म्हणूनच नुसते सॅक मोजून मार कळत नाही. फेकल्यावर बसलेले धक्के वेगळेच. पुढच्या सीझनला बरोचे ५१ सॅक, प्लेऑफमध्ये म्हणजे बाद फेरीत टेनेसीच्या टीमने एकाच मॅचमध्ये ९ वेळा पाडला तरी बेंगल्स जिंकले, सुपर बोलमध्ये म्हणजे फायनलला आणखी ७, आणि तिथे हरले. त्यात शेवटच्या चौथ्या डाऊनला, म्हणजे चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नाला, समोरच्या रॅम्सच्या ॲरन डोनाल्डने त्याला अक्षरशः गरकन फिरवला, बॉल कसातरी भिरकावला गेला, तोही या ७ मध्ये धरलेला नाही.

खडूचा तुकडा : 'ब्लाइंड साइड'चं, म्हणजे फेकणाऱ्याला न दिसणाऱ्या बाजूचं, पण बघा जरा. 'आंधळी बाजू' कानाला कसंतरीच लागतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे होते म्हणून लेफ्ट टॅकलला एवढा भाव. १९८५ मध्ये लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमनला पाडला, पायाची हाडं मोडली, करिअर तिथेच संपलं. मी 'पाठची बाजू' म्हणेन.

उंटावरचा शहाणा : डावखुऱ्याला उलटं, तिथे राइट टॅकल महत्त्वाचा. 'पाठची' म्हटलं की दोन्हीकडे चालतं. पास.

रिटायर्ड मास्तर : काल नातवाला 'पाडू दिला' सांगितलं. तो म्हणे, "आजोबा, मग त्या गार्डला आऊट का नाही देत?"