मदत हवी आहे: इम्प्लांट झालेल्या मुलीशी घरात मराठी बोलायचं की नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगी सव्वाचार वर्षांची. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. अडीच वर्षांची असताना उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत ऐकण्याचं यंत्र बसवलं. तीन आठवड्यांनी स्विच-ऑन, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केलं. म्हणजे ऐकायला लागून तिला जेमतेम पावणेदोन वर्षं झालीत.

आवाज येतो, त्याबद्दल शंका नाही. कुकरची शिट्टी झाली की माझ्याकडे बघते, हाक मारली की वळते. रोज सकाळी प्रोसेसर (यंत्राचा बाहेरून लावायचा, माइकवाला भाग) लावला की मी लिंग (Ling) यांच्या नावाची सहा आवाजांची चाचणी घेते: आ, ई, ऊ, म, श, स. आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. एक मीटरवरून सहाही मणी पडतात. तीन मीटरवरून हल्ली ‘स’ कधीकधी सुटतो.

गाडी अडते ती बोलणं समजण्यात. ऐकू येणं आणि समजणं यांत एवढं अंतर असतं हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, आमचं लक्ष ‘ऐकू येणार’ एवढ्यावरच होतं.

गेल्या रविवारचं सांगते. सासूबाई ओट्याशी पोहे करत होत्या, पाठमोऱ्या. म्हणाल्या, “शेवेचा डबा आण गं.” ही नुसती उभी. मग पदर ओढून त्यांना आपल्याकडे वळवलं, तोंडाकडे बघितलं, आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावर बरोबर डबा आणला. वर म्हणाली, “सेव.” “सेव नाही, शेव म्हण.” “सेव!” माझ्या पोटात गोळा. ‘श’ पोचत नाही की काय? मग लक्षात आलं, खालचा नमकीनवाला, शेजारी, ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या मॅडम, अख्खं इंदूर ‘सेव’च म्हणतं. ‘शू’ तर ही अगदी स्वच्छ म्हणते. आता हा कानाचा दोष की गावाचा, मी कसं ठरवू? तसंच ‘ळ’चं. काळं म्हणजे ‘कालं’, बाळ म्हणजे ‘बाल’. मॅडमची कार्डं हिंदी, त्यात ‘ळ’ कुठून असणार.

मॅडमचं म्हणणं, “घर में एक ही भाषा रखिए, हिंदी.” दोन भाषांनी गोंधळेल, शाळाही हिंदीच असणार. बाई मनापासून मेहनत घेतात, म्हणून ऐकलं. दोन महिने हिंदी बोललो. पण सासूबाईंची हिंदी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. तीत रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत. दिवसभर तिच्याशी बडबडणारी बाई गप्प झाली. मुलीच्या कानावर पडणारं बोलणंच निम्म्यावर आलं, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

मराठी खरंच सोडायची का? आणि ‘सेव’ ऐकण्यातून आलंय की बोलण्यातून, हे घरी कसं तपासायचं?

बडोदेकर:
ताई, मी मोठेपणी बहिरा झालो, ४१व्या वर्षी इम्प्लांट. माझा अनुभव तिला जसाच्या तसा लागू नाही. चांगल्या कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३५००, त्यांचं काम करायला आपल्या इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड कंपनीप्रमाणे १२ ते २२. तेवढ्यावर मेंदूने भाषा उभी करायची. पहिल्या दिवशी बायकोचं बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटलं होतं. पण मराठी डोक्यात आधीच होती, गाळलेल्या जागा भरत गेल्या. नोकरीत शिकलेली गुजराती समजायला मात्र बराच जास्त वेळ लागला. तुमच्या लेकीला गाळलेल्या जागा भरायला आधीचं काहीच नाही, म्हणून जितकं पडेल तितकं कानावर पडू द्या. आणि पंखा, मिक्सर, टीव्ही यांच्यापुढे आम्ही सगळेच हरतो. गरब्याच्या मैदानात मला अजून बायकोचे ओठच वाचावे लागतात.

कानगोष्टी:
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. मराठी सोडू नका. ज्या भाषेत घरचे विचार न करता बोलतात ती घरात हवी. दोन भाषांच्या घरातली इम्प्लांटवाली मुलं दोन्ही भाषा शिकतात, गोंधळत नाहीत. थेरपी हिंदीत चालू दे. मॅडमना या आठवड्याचं उद्दिष्ट विचारा आणि घरी तेच मराठीत करा.

मणी टाकणं म्हणजे फक्त ‘आवाज आला’. दोन आवाज वेगळे कळणं ही त्यापुढची पायरी, मग शब्द ओळखणं, मग अर्थ. ‘श’ आणि ‘स’साठी केळ्याचं साल आणि आजीची शाल समोर ठेवा. तिच्या उजव्या बाजूला, जरा मागे बसून एकेक मागा. तोंडावर हात धरू नका, त्याने नेमका ‘स’च दबतो. बरोबर उचललं तर फरक कानाला कळतोय, ‘सेव’ गावाची. ‘ळ’ तर ऐकू येणाऱ्या मुलांनाही उशिरा जमतो.

तीन मीटरवरून ‘स’ सुटतो ते मात्र अंगावर काढू नका. पावसाळा आहे, आधी माइकचं कव्हर बघा, रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओलावा शोषणाऱ्या डब्यात) ठेवा. तरी सुटला तर तारखा लिहून मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसरचं सेटिंग तपासून घ्यायला जा.

रामबागची आई:
दोघांचेही आभार. साल-शाल केलं. दहापैकी नऊ वेळा बरोबर. चुकली तेव्हा शेजारचा मिक्सर चालू होता. शाल उचलली की दर वेळी सासूबाईंच्या अंगावर नेऊन टाकत होती, या उकाड्यात. त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, भरपूर, मराठीत.

माइकचं कव्हर काळं पडलं होतं, बदललं. ‘स’ कालपासून तीन मीटरवरून येतोय, तरी मॅपिंगची वेळ घेतली आहे. एकच विचारायचं राहिलं: ड्राय बॉक्समधले सिलिका जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झालेत. ते तव्यावर गरम करून परत वापरता येतात का, की नवीनच आणायचे?