जबड्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले, चेहरा अजून वाकडाच दिसतोय

सांगलीची_पोर:
वय 24. माझा खालचा जबडा डावीकडे सरकलेला होता, म्हणून आधी दीड वर्ष ब्रेसेस आणि मग वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन. सूज बरीच उतरलीये पण उजवा गाल अजून टम्म, त्यामुळे हनुवटी परत डावीकडेच गेल्यासारखी वाटते, सेल्फीत तर जास्तच. उजवीकडचा खालचा ओठ बधिर, चहा ओघळला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात थांबा, आई म्हणते छान दिसतेस, आणि मावशीने दारातच विचारलं, "अगं मग ऑपरेशन केलं तरी कशाचं?" हे असंच राहणार का? कोणाचं झालंय का असं?

वरणभात_मिक्सरमधला:
माझं तीन वर्षांपूर्वी झालं, सेम केस. सूज दोन्ही बाजूंनी सारखी उतरतच नाही, ज्या बाजूचं हाड जास्त हलवलं ती बाजू हट्टीपणा करते, सकाळी उठल्यावर तर अजूनच. माझा गाल पाचव्या महिन्यात बसला आणि शेवटची थोडीशी सूज जायला वर्ष लागलं. सेल्फी बंद कर आधी, जवळून काढला की चेहरा तसाही वेडावाकडा येतो. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, लांबून दुसऱ्या कोणाकडून मागच्या कॅमेऱ्याने काढून घे. मावशीला उत्तर द्यायची गरज नाही 😄

दाताची_डॉक्टर:
सात आठवड्यांत गालावरून काही ठरवू नकोस, दात बघ. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांची मधली रेघ जुळते का, चावल्यावर दात ऑपरेशननंतर बसत होते तसेच बसतात का? ते अचानक बदललं असेल, किंवा गाल उतरायच्या ऐवजी वाढतोय, ठणकतोय, ताप किंवा पू आहे, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला फोन कर. ओठाचं म्हणशील तर त्याची नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते, ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. मुंग्या यायला लागल्या तर चांगलं लक्षण, बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो, थोडा बधिरपणा काहींना राहतोही. अजून एक, कानापुढच्या सांध्याचं हाड एका बाजूने वाढत होतं म्हणून जबडा सरकला होता का? तसं असेल तर ती वाढ थांबलीये हे ऑपरेशनआधी बोन स्कॅनने बघितलं होतं का विचार, कारण वाढ चालू राहिली तर जबडा परत सरकतो. आणि चावा जागेवर राहावा म्हणून वरच्या-खालच्या ब्रेसेसमध्ये अडकवायचे छोटे रबर सांगितलेत तितके तास लावतेस ना?

कोल्हापूरकर_76:
सगळं गोग्गोड नको ऐकायला म्हणून सांगतो, माझी हनुवटी वर्षानंतरही 2 मिमी बाजूला राहिली. हाड सरळ केलं तरी त्या हाडावरचा स्नायू एका बाजूला आधीपासूनच बारीक होता. हनुवटीचं वेगळं छोटं ऑपरेशन होतं म्हणाले, मी नाही केलं, दाढी वाढवली. तुला तो ऑप्शन नाही, सॉरी.

सांगलीची_पोर:
😂😂 दात जुळतायत, आत्ताच आरशात बघितलं. स्कॅन झाला होता, फाईलमध्ये आहे. रबर मात्र... ऑफिसच्या कॉलला तोंड उघडत नाही म्हणून काढून ठेवते, चार-पाच तास जातात.

दाताची_डॉक्टर:
हं. हे सोमवारी सर्जनला स्वतःहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.