हरण्याची सोय नसली तरी गेमच

'ज्यात हरता येत नाही तो व्हिडिओ गेमच नव्हे' असं कुणीतरी ठणकावलंय, ते काही पटलं नाही. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर) खेळवलेल्या 'टेनिस फॉर टू'मध्ये गुणसुद्धा मोजले जात नव्हते. पण लोक तो खेळायला रांगा लावत होते, मग त्याला काय म्हणायचं?

गेमचे प्रकार मात्र पाडायलाच हवेत. बेळगावच्या शहापुरातल्या व्हिडिओ गेम पार्लरात आमचे तीनच होते: मारामारीचा, गाडीचा, विमानाचा. मारामारीच्या गेमचं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे खरं नाव कुणाला ठाऊक! त्यातल्या एका गड्यावरून तो सगळ्यांचा 'मुस्तफा'. मालक कन्नडमध्ये खेकसायचा, आम्ही मराठीत भांडायचो, पण "मारामारीचा कुठला रिकामा हाय?" एवढं त्यालाही बरोब्बर कळायचं.